कमानीला वळसा

परदेशात टॅम्पिनीसला असताना आमच्या इमारतीत एक चिनी आंटी राहायच्या. सकाळी बाजाराला आम्ही बरोबरच निघायचो. वाटेत देवळापुढे मोठी चिनी कमान होती. मला ती पाहून सांचीचं तोरण आठवायचं. सगळे तिच्याखालून जायचे. आंटी मात्र दुखरा गुडघा ओढत बाहेरून वळसा घालायच्या.

एकदा मी कारण विचारलंच.

"गावाकडे माझ्या आजीच्या नावाची अशीच कमान आहे, दगडी. नवरा गेला तेव्हा ती पोर होती. जन्मभर दुसरं लग्न केलं नाही, म्हणून गावानं बांधली. फार मोठा मान, लाह!"

शेवटचं 'लाह' तिथल्या बोलण्यातलं, आपल्या 'हो'सारखं; पण हे त्या अभिमानानं म्हणाल्या की रागानं, मला काही कळेना.

पुढे नागपूरहून माझी बहीण आली. तिचा नवरा वारला होता, आणि आता तिचं दुसरं लग्न ठरलं होतं. सकाळी तिघं बाजाराला निघालो, तेव्हा कमानीपाशी बोलता बोलता मी हे आंटींना सांगून बसलो आणि जीभ चावली. आंटींनी तिच्याकडे निरखून पाहिलं, तिचा हात घट्ट धरला आणि तिला घेऊन थेट कमानीखालून पलीकडे गेल्या.

मी गोंधळून मागेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी कमानीपाशी बहिणीनं आपणहून हात पुढे केला. आंटींनी तो हलकेच सोडवला.

"तू जा इथून," त्या म्हणाल्या. "काल तुझ्यासाठी आले. आजीसाठी मी येते तिकडून."