जाळं नसलेला कोळी

"महिन्यात सहा स्पायडर! सोमवारपासून हिराबाईंना पाठवू नका," प्लांट मॅनेजर शिंदेसाहेबांनी हाउसकीपिंगच्या कंत्राटदाराला फोनवर सांगितलं. हिराबाई दारातच झाडू घेऊन उभ्या होत्या. मी खाली बघत होतो, कारण त्या सहांतली पहिली टिक माझी होती.

मी पेस्ट कंट्रोलचं काम करतो. चाकणजवळ महाळुंग्याच्या या कंपनीत खाद्यपदार्थांच्या बाटल्यांची झाकणं बनतात, त्यामुळे किडामुंगी दिसली की शीटवर टिक करायची. छापील रकाने चारच: उंदीर, पाल, माशी, कोळी. उंदीर आणि माशी माझ्या माथी. कोळी दिसला म्हणजे जाळी झाडली नाहीत, म्हणजे हाउसकीपिंगचा दोष. मला केसासारखे आठ लांब पाय दिसले आणि मी कोळ्यावर टिक केली.

"भाऊ, एक तरी जाळं दावा," हिराबाई म्हणाल्या. "आपल्या पायानं जाते मी."

टॉर्च घेऊन अख्खी शेड पालथी घातली. एकही जाळं नाही. कोळी मात्र चांगले पंधरा-वीस. माझं डोकं चालेना.

ट्रेनिंगमध्ये ओळख झालेल्या प्राणिशास्त्राच्या मॅडमना फोटो पाठवला.

"कोळी नाही हो हा! कोळ्याचं अंग दोन भागांचं, मध्ये कंबर. हा एकच गोळा आहे. जाळं विणायला याच्याकडे रेशीमच नाही. याला हार्वेस्टमन म्हणतात."

"जात कोणती?"

"बहुधा गॅग्रेलिनी नावाचा गट. पुढचं फोटोवरून सांगता येणार नाही. पाठीवरचे काटे आणि पायातले बारीक सांधे मोजून कुणीतरी फार पूर्वी यांची वर्गवारी केली. ती बरोबर आहे का, यावर अजून वाद चाललाय."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?"

"नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण आपल्याकडे हे सह्याद्रीत, ओल्या जागी सापडतात. चाकणच्या पत्र्याखाली काय करताहेत, ते तुम्हीच शोधा."

मी आणखीनच गोंधळलो. शेवटी हे प्राणी जिथे जिथे दिसले, तिथे प्लांटच्या नकाशावर फुल्या मारल्या. सगळ्या फुल्या पॅलेट्सभोवती, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटींभोवती.

हिराबाईंनी नकाशाकडे नुसतं पाहिलं. "ही लाकडं घाटाकडनं वली येत्यात. उलटी करून बघा."

एक उलटी केली. खाली शेवाळ, आणि पायांत पाय गुंतवून बसलेला त्यांचा घोळका. मी दचकून मागे सरलो.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. मागल्या म्हयन्यातच सांगितलं व्हतं."

"कुणाला?"

"तुमालाच की! तुमी म्हणलात, लाकडाचा रकाना न्हाई."

मला खरंच तसं बोलल्याचं आठवलं. लाज वाटली.

शिंदेसाहेबांना माझी चूक सांगितली, पॅलेट दाखवली. "कोळी नाही, तर मग टिक कुठे करायची?" ते बुचकळ्यात पडले. तरी ओल्या पॅलेट्स परत गेल्या आणि सोमवारी हिराबाई कामावर आल्या. माझ्याशी मात्र दोन दिवस बोलल्या नाहीत.

शीट जेव्हा बदलेल तेव्हा बदलेल. मी पेनाने पाचवा रकाना आखलाय: 'माहीत नाही'. परवा ऑडिटरने विचारलं, याला जबाबदार कोण? त्या रकान्याखाली मी माझं नाव लिहिलं.