लहान तोंडाची बुखारी

झेलमच्या काठाला बांधलेल्या डुंग्यात, म्हणजे राहत्या होडीत, मुगली जन्मली, आणि लग्न होऊन गेली तीही खालच्या घाटावरच्या डुंग्यातच. जमिनीवरच्या घरात तिला झोप लागत नसे. आवाज असा, की ती भाजीवाल्याशी घासाघीस करू लागली की पलीकडच्या काठावरचे लोक भाव ऐकून घेत.

नवरा सुभान मात्र अबोल. आयुष्यभर लांब बांबूनं होड्या ढकलत आलेला. त्या वर्षी थंडीच्या तोंडावर त्याच्या छातीनं दगा दिला. डॉक्टरांनी होडी बंद केली, आणि धूर नको म्हणून फेरनच्या झग्याआत धरायची निखाऱ्यांची कांगडीही. म्हातारा रजईत बसून नुसता भिंतीकडे बघत राही.

जावई नजीर जीव लावणारा. तो धूर नळीवाटे बाहेर सोडणारी बिडाची भलीमोठी शेगडी, बुखारी, घेऊन आला. गडीमाणसांनी ती आत टेकवली मात्र, डुंगा एका अंगाला कलला. भांडी घरंगळली, सुभानचा मीठचहा रजईवर सांडला.

"बुखारी आणलीस का हत्ती?" मुगली ओरडली.

"अम्मा, तांदळाची पेटी त्या बाजूला सरकवू की! हिच्यात अख्खा ओंडका मावतो. सकाळी टाकला की संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायला नको."

मुगलीनं सुभानच्या मांडीवर पडलेल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"ही तुझ्या घरी ने, बाळा," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या लेकीला ऊब होईल. आमचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी ती पत्र्याचं काम करणाऱ्यांच्या गल्लीत गेली. गुला कारागिरानं कौतुकानं एक बुखारी पुढे केली. "चाची, ही घे. चांगली मोठ्या तोंडाची आहे."

"मोठ्या तोंडाची मी आहे की घरात. लहान तोंडाची दाखव."

"तिला सारख्या ढलप्या घालत बसावं लागतं. कंटाळशील."

"मी कुठं घालतेय? माझा म्हातारा घालील. दार खाली ठेव, त्याला बसल्या जागी हात पोचला पाहिजे. आणि वर किटली राहील एवढी सपाट कर."

तिनं ती दुकानातच पेटवायला लावली, पत्रा किती लवकर तापतो ते बघितलं आणि मगच उचलली.

बसवायला नजीरच आला. आधी जरा फुगलेला होता. पण लाकडी छपरातून नळी काढताना सुभान बसल्या जागेवरून बोलू लागला. "नळीभोवती पत्रा रुंद घे. खाली वाळूचं ताट ठेव. देवदार जाळायचा नाही हं, ठिणग्या उडतात." सासऱ्यानं एका दमात एवढं बोललेलं नजीरनं कधी ऐकलं नव्हतं. तो हसतहसत हो-हो म्हणत राहिला.

बर्फ पडू लागेपर्यंत सुभाननं उशाशी ढलप्यांचे ढीग लावले होते. विलोच्या वेगळ्या, सफरचंदाच्या वेगळ्या. मग एके सकाळी तो चक्क खेकसला, "मुगली! ही ओली लाकडं कुणी आणली? डोळे फुटले होते का?"

मुगली तोंडाला ओढणीचा पदर लावून बाहेर आली आणि शेजारच्या डुंग्याकडे बघून ओरडली, "ऐकलंस का गं? म्हातारा मला बोलला!"