सोमवारची स्प्रिंग

माझी जीभ तिखट आहे, हे अक्कलकोट रोडवर सगळ्यांना ठाऊक आहे. लाकडाची वखार चालवायची तर तसं लागतंच. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या डोक्यावरून आत बघतं आणि विचारतं, "मालक कुटं हायत?" मी म्हणते, "मालकाशीच बोलताय, बोला." वखार अण्णांनी, माझ्या वडिलांनी, उभी केली. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून त्यांच्या शेजारी उभी राहिले, तेव्हा ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "हिच्या तोंडाची धार मशीनला लावता आली असती तर पट्ट्या इकत आणाव्या लागल्या नसत्या." आणि स्वतःच मोठ्यांदा हसायचे.

यंदा दसऱ्यानंतर आमचं बँडसॉ मशीन बिघडलं. एक चाक वर, एक खाली, दोन्हींवर ताणून बसवलेली करवतीची लांब पट्टी, मध्ये टेबल. पट्टी फिरते, आपण लाकूड पुढं सरकवायचं. याच मशीनवर पावणेदोन वर्षांपूर्वी अण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. तेव्हापासून ते घरीच बसले आणि यंदा उन्हाळ्याच्या शेवटी वारले. बोटं कशी गेली, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. अण्णांचं वय झालेलं, ध्यान सुटलं आणि हात पुढं गेला. हे सगळ्यात आधी म्हणाले होते मीच.

वळसंगहून रोज बसनं येणारे आमचे एक जुने कामगार आहेत. वयानं मोठे, म्हणून मी त्यांना मामा म्हणते. त्या सकाळी त्यांनी मशीन बंद केलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "ताई, पट्टी परत उतरली बगा. म्हैन्यात चौती येळ. थोडक्यात वाचलो."

पहिल्या तीन वेळा मी पट्टीवाल्याला फोन करून झाडलं होतं. त्याचा माल हलका, त्याचे जोड कच्चे, त्याच्या सात पिढ्या चोर. या वेळी फोन उचलला आणि ठेवून दिला. पट्टी तर नवी कोरी होती. आता कुणाला शिव्या घालणार?

मशीनची लाईट तोडली आणि अण्णांच्या पद्धतीनं सुरुवात केली. त्यांची एक शिस्त होती. पाना उचलायच्या आधी मशीन हातानं फिरवायचं, डोळे मिटून ऐकायचं, वर्षानुवर्षं ओळखीचं मशीन असलं तरीही. मी म्हणायची, "अण्णा, नाडी बघताय काय?" ते म्हणायचे, "गप ऐक की."

पट्टी काढून तिच्या जोडावरून अंगठा फिरवला. जोड साफ होता. चाकांवरचं रबर तपासलं. खालच्या चाकाला कडुलिंबाच्या लाकडाचा डिंक आणि भुसा मिळून एक टणक गाठ चिकटली होती, ती खरवडून काढली. अशा गाठी नेहमीच होतात, या महिन्यात हे लाकूड जास्त आलं म्हणून जास्त, पण तेवढ्यानं पट्टी उतरायला नको. वरचं चाक फिरवलं, बेअरिंग खरखरत नव्हतं. मामांनी ओळंबा धरला, दोन्ही चाकं एका रेषेत निघाली. दुपार झाली. मामा म्हणाले, "दोन घास खाऊन घ्या, ताई." मला चीड आली होती, मी जेवले नाही.

मग वरच्या चाकावर लोखंडी सब्बल टेकवून चाक खाली दाबून बघितलं. ते थोडं खाली बसायला पाहिजे. त्या चाकाच्या ठोकळ्याखाली एक जाड स्प्रिंग असते. तीच पट्टीला ताण देते, आणि चाकावर अशी गाठबीठ आली की तेवढ्यापुरतं दबून पट्टीला सांभाळून घेते. चाक तसूभरही हललं नाही. मी सगळा जोर लावला, तरी नाही.

ठोकळा खोलला. आत स्प्रिंग नव्हती. हिरव्या रंगाच्या पाण्याच्या पाइपाचा वीतभर तुकडा होता.

मामांनी वाकून बघितलं. "ह्यो पाइप कुनी घातला हितं?"

मी तो तुकडा बाहेर काढून हातात धरला. पाइप मीच घातला होता.

अण्णांची बोटं गेली त्या वर्षी, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या तोंडावर दुकानांच्या फळ्यांची मोठी ऑर्डर होती. जत्रा काही आपल्यासाठी थांबत नाही. शनिवारी दुपारी स्प्रिंगचे दोन तुकडे झाले. स्प्रिंगवाल्याचं दुकान उघडणार सोमवारी. अण्णा लग्नाला बार्शीला गेले होते, मामाही सुट्टीवर होते. वखारीच्या मागं जुन्या नळाचा पाइप पडला होता, तो मी मापानं कापला, ठोकळ्याखाली बसवला, मशीन चालू केलं. चाललं! स्वतःवर काय खूश झाले होते मी त्या दिवशी. रात्री अण्णांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "चालतंय, पण दोन दिसच. सोमवारी स्प्रिंग आण."

सोमवारी फळ्या पोचवायच्या होत्या. मंगळवारी आणखी काही. अण्णांनी बुधवारी विचारलं, "आणलीस का गं स्प्रिंग?" मी म्हटलं, "आणते की, अण्णा." शुक्रवारी परत विचारलं. तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं, घासाघीस चालली होती, आणि हे मागून, "स्प्रिंगचं काय झालं?" माझं टाळकं सटकलं. मी मान न वळवता म्हणाले, "बसवली, अण्णा! किती वेळा विचारणार?"

"बसवली व्हय? बरं झालं," एवढंच म्हणाले ते.

ते पुन्हा विचारायचे थांबले. दुसऱ्या कुणी बसवली असती तर अण्णांनी ठोकळा खोलून स्वतः बघितलं असतं. पण पोरीनं बसवली होती. मीही हळूहळू विसरले. खोटं एवढं किरकोळ होतं की ते मला खोटं वाटलंच नाही, पुढं पुढं तर तेच खरं वाटायला लागलं. मामांनाही मी तेच सांगितलं होतं.

दीड-दोन महिन्यांनी, ऊन तापायला लागलं तेव्हा, अण्णा चौकटीचं लाकूड कापत होते. पट्टी उतरली, लाकूड एकदम मोकळं सुटलं, आणि ज्या हातानं ते रेटत होते तो हात पुढं गेला. पट्टी अजून फिरतच होती.

हॉस्पिटलात मी काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. घाबरले होते, आणि मी घाबरले की ओरडते. "शंभर वेळा सांगितलं अण्णा, आता वय झालं, मशीनला उभं राहू नका म्हणून! ध्यान कुठं होतं तुमचं?" ते पलंगावर बसले होते, हाताला हे एवढं बँडेज. डॉक्टरांनी विचारलं, मशीनमध्ये काही बिघाड होता का? अण्णा म्हणाले, "न्हाई हो. मशीनला काय दोष न्हाई. माझ्या पोरीनं आत्ताच स्प्रिंग नवी बसवलीय. माझंच ध्यान नव्हतं." मी शेजारीच उभी होते. तेव्हासुद्धा मला तो पाइप आठवला नाही.

त्यानंतर त्यांनी मशीनला हात लावला नाही. डाव्या हातानं जेवायला शिकले. कडक भाकरी मोडता येईना, म्हणून आई ती आमटीत कुस्करून द्यायची आणि ते खाली बघत खायचे. खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू दरवर्षी त्यांच्या हातचं. त्या वर्षी मी ताट पुढं केलं तर म्हणाले, "तूच लाव. माझा हात नको आता त्याला." मी म्हटलं, "बरं, राहू द्या." दुसरं काय म्हणणार, असं मला वाटलं होतं.

हे सगळं त्या हिरव्या पाइपाकडं बघताना एकदम अंगावर आलं. मी मामांना म्हणाले, "मी घातला. मीच." मामांनी तंबाखू मळायला घेतली होती, ती तशीच हातात राहिली. म्हणाले, "मालकांना ठावं नव्हतं?" मी म्हटलं, "त्यांना वाटत होतं, मी तो काढला." ते बाहेर जाऊन उभे राहिले.

स्प्रिंगवाल्याचं दुकान आमच्यापासून गाडीवर दहा मिनिटांवर आहे. दहा मिनिटं! जाऊन स्प्रिंग आणली, बसवली, चाक दाबून बघितलं, ते दबलं आणि वर आलं. पट्टी चढवली. हातानं फिरवली, डोळे मिटून ऐकलं. मशीन चालू केलं तर इतकं शांत चाललं की मला तिथं उभं राहवेना.

घरी आले तेव्हा आई शेंगा फोडत बसली होती. पाइप मी पिशवीतून आणला होता. तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं, शुक्रवारच्या त्या शब्दासकट. वाटलं होतं, चिडेल, रडेल, मला चार शब्द सुनावेल. तिनं पाइप उचलून दोन्ही बाजूंनी बघितला.

"रोज विचारायचे," ती म्हणाली. "जेवायला बसले की हात असा पुढं धरायचे आणि म्हणायचे, अगं, माझा हात तिथं गेलाच कसा? चाळीस वर्षांत कधी गेला नाही, तो गेलाच कसा? आणि मी म्हणायची, वय झालं तुमचं. रोज तेच सांगायची गं मी त्यांना."

मी तिचा हात धरायला गेले, तिनं तो काढून घेतला. रागानं नाही, तिला शेंगांचं सूप बाजूला सारायचं होतं.

"आता बसवलीस का स्प्रिंग?" तिनं विचारलं.

"बसवली, आई."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग भिंतीला धरून उठली, दाराशी जाऊन पायात चप्पल सरकवली.

"चल," म्हणाली, "दाखव मला."