गिझरचे वेळापत्रक

मुंबईला हिवाळा नसतो असे म्हणणाऱ्यांनी लालबागच्या चौदाव्या मजल्यावर जानेवारीतली एक पहाट काढावी. आमची चाळ पाडून तिच्या जागी ही इमारत उभी राहिली, तेव्हा उजेड मिळाला, वारा मिळाला. त्या वाऱ्याला अडवणारे शेजारचे छप्पर मात्र गेले. आईचे वय ब्याऐंशी. इथल्या पहिल्याच थंडीत तिचे गुडघे आखडले. दुसऱ्या थंडीआधी घराची पद्धतशीर तयारी करायची, असे मी ठरवले. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे ठरवलेली गोष्ट वहीत उतरवायची मला सवय आहे.

ती तयारी चुकीची नव्हती, हे आधी नमूद करतो. पंखा बंद करून पेटती उदबत्ती खिडकीच्या चौकटीलगत हळूहळू फिरवावी. धूर जिथे एकदम वाकतो तिथे फट असते. आमच्या सरकत्या खिडक्यांत अशा सात जागा सापडल्या. तिथे फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. दाराखाली आईच्या जुन्या लुगड्याची घट्ट वळकटी लावली, गोधड्यांना दोन दिवस ऊन दाखवले, आईची खाट उत्तरेकडच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढली. ऊन असेपर्यंत पडदे उघडे ठेवायचे आणि ते कलले की ओढून घ्यायचे, हेही घरात सर्वांना समजावले.

राहिला गिझर. घरात वीज सर्वांत जास्त तोच खातो. म्हणून वेळापत्रक केले: सहाला सुरू, साडेसहाला बंद, सातपर्यंत सर्वांच्या आंघोळी. बटणावर चिकटपट्टी लावून त्यावर लाल शाईने ‘साडेसहानंतर लावू नये’ असे लिहिले. रोज संध्याकाळी मीटरचा आकडा मी वहीत टिपू लागलो. ‘सर्वांच्या’ या शब्दात आई आलीच, असे मी धरून चाललो होतो. तिला विचारले नव्हते.

आकडे खाली आले. सोसायटीच्या बैठकीत मला थंडीच्या तयारीवर चार शब्द बोलायची विनंती झाली. मी तक्ता करून नेला. गरम पाण्याची उधळपट्टी ही गरज नसून निव्वळ बेशिस्त आहे, असे मी तिथे ठणकावून सांगितले. आई पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या शेजारी आमच्या समोरच्या दारातल्या वहिनी होत्या, चाळीतही समोरच राहणाऱ्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी वाजवल्या नाहीत, हे मी पाहिले आणि त्यांना विषय समजला नसावा, असे मनात म्हटले. ते वाक्य आठवले की आजही कान तापतात.

रोज नऊ ते अकरा मी वाचनालयात असतो. बैठकीनंतर आठवड्याभराने एके दिवशी ते अचानक बंद निघाले आणि मी परत फिरलो. लिफ्टचे दार उघडले तर समोर वहिनी वाफाळती बादली दोन्ही हातांनी सांभाळत त्यांच्या दारातून आमच्या दाराकडे चालल्या होत्या. आई खांद्यावर टॉवेल टाकून आमचे दार धरून उभी होती.

“हे काय?” मी विचारले.

“आंघोळीचं पाणी,” वहिनी म्हणाल्या. “सरका मास्तर, पाय भाजेल. तुमच्याकडे हिवाळा शिकवतात, आमच्याकडे पाणी तापवतात.”

“गे, गप रव,” आई त्यांना म्हणाली.

“का गप राहू, काकी? महिना झाला. तक्त्यात आमची बादली कुठल्या रकान्यात धरली, ते तरी विचारू दे.”

मी बादली घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ती दिली नाही. स्वतःच न्हाणीघरात ठेवून आल्या.

आई शेवटी आंघोळ करते. चाळीत एकच मोरी होती. आधी पहिल्या पाळीला जाणारे वडील, मग शाळेची आम्ही मुले, मग झाडलोट आणि सगळ्यांत शेवटी ती, उरलेल्या पाण्यात. तो क्रम मी लहानपणी रोज पाहिला होता आणि कधीच लक्षात घेतला नव्हता. इथेही ती नऊनंतरच जायची. तोवर टाकीतले गरम पाणी आम्ही संपवलेले असे. पहिले चार दिवस तिने थंड पाणी घेतले. पाचव्या दिवशी तिचे निळसर पडलेले ओठ वहिनींना दिसले.

“तू मला का नाही सांगितलंस?”

“तुज्या वहीतलो आकडो वाढलो असतो,” ती म्हणाली. “आणि थंय सगळ्यांसमोर तू इतक्या बरां बोललंस. मगे कशाक सांगू?”

वर्गात फळ्यावर माझी चूक झाली तर मी ती मुलांसमोरच पुसून दुरुस्त करीत असे. त्याच नियमाने, माझे आकडे खरे नव्हते, आमचे पाणी समोरच्या घरी तापत होते, असे सूचनाफलकासाठी स्वच्छ अक्षरात लिहून काढले आणि आधी आईला वाचून दाखवले.

“ह्यां लावू नको हां,” ती म्हणाली. “लोक म्हणतले, म्हातारी बादली घेऊन दारोदार फिरता.”

तो कागद माझ्याच कपाटात राहिला. खालच्या मजल्यांवरचे लोक अजून तक्ता मागतात. मी देतो, घरात शेवटी आंघोळ कोण करते ते आधी विचारा, एवढे तोंडी सांगतो. का, ते सांगत नाही. ते मान डोलावतात आणि मला ‘सर’ म्हणतात.

बटणावरची पट्टी मी त्याच दिवशी खरवडून काढली. नऊ वाजता आई आता स्वतः गिझर लावते. पण मी घरी असलो तर बटणाशी गेलेला तिचा हात क्षणभर थांबतो आणि ती वळून माझ्याकडे पाहते. मी वर्तमानपत्र उंच धरतो.