स्वयंपाकघरातल्या सीए मॅडम

कुठल्याही सीएच्या ऑफिसात दोन गोष्टी साठत जातात. जुन्या फायली आणि किस्से. फायली काही वर्षांनी रद्दीवाला घेऊन जातो. किस्से तो घेत नाही, म्हणून ते मित्रांच्या माथी मारावे लागतात. आज तुमची पाळी!

आमचं ऑफिस मुलुंडला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. मुळात तो वन बीएचके फ्लॅट. बेडरूममध्ये नाडकर्णी सरांची केबिन. हॉलमध्ये मी, दोन शिकाऊ मुलं आणि क्लायंटसाठी एक बाकडं. आणि स्वयंपाकघरात, ओट्याला टेबल चिकटवून, प्राजक्ता सावंत. प्राजक्ताही सीए, सरांएवढीच पक्की. ऑफिसातलं बहुतेक सगळं काम तीच करते. उरलेलं सर करतात, म्हणजे क्लायंटशी गप्पा मारतात.

मी सीए नाही. हिशेब बघून बघून शिकलो आणि इथेच राहिलो.

या वर्षी जूनमध्ये प्राजक्ताला अंधेरीच्या एका मोठ्या ऑफिसातून बोलावणं आलं. काचेची केबिन, कॉफीचं मशीन, आणि मुख्य म्हणजे बसायच्या जागेत सिंक नाही! तिने सरांना सरळ विचारलं, "सर, मला पार्टनर करणार, की मी अंधेरीला जाऊ?"

"अगं, माझी कुठे ना आहे?" सर म्हणाले. "पण प्रॅक्टिस म्हणजे शेवटी विश्वास. आपला एक तरी जुना क्लायंट मला सोडून आपणहून तुझ्यासमोर येऊन बसू दे. त्याच दिवशी पार्टनर!"

"दिवाळीपर्यंत थांबते मी."

"दिवाळी कशाला, गणपतीतच होईल!" असं म्हणून सर केबिनमध्ये गेले आणि त्यांनी एसी लावला. ती गेली असती तर ऑफिसात सीए एकच उरला असता, आणि त्याला जीएसटीच्या पोर्टलचा पासवर्डही माहीत नव्हता. त्यामुळे दिवाळीची वाट तिच्याइतकीच मीही बघत होतो.

*

पहिली आशा होती करंदीकर बाईंवर. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं रिटर्न भरून झालं, फक्त ओटीपी हवा होता. प्राजक्ताने फोन लावला.

"ओटीपी कोणालाही द्यायचा नसतो," बाई म्हणाल्या.

"बरोबर आहे बाई. पण मी प्राजक्ता. गेली चार वर्षं तुमचं रिटर्न मीच भरते."

"फसवणारे अगदी असंच सांगतात!" आणि फोन बंद.

शेवटी सरांनी फोन लावला. सरांचा आवाज असा की फोन नसता तरी बाईंना घरी ऐकू गेला असता. बाई एकेक आकडा सांगत होत्या आणि सर तो केबिनमधून ओरडून स्वयंपाकघरात पोचवत होते. मध्ये बाकड्यावर दोन क्लायंट, कुरियरवाला आणि एसी दुरुस्त करणारा बसले होते. सगळ्यांनी सहाही आकडे ऐकले. कुरियरवाल्याने तर एक चुकलेला आकडा सुधारूनसुद्धा दिला!

काम झाल्यावर बाई सरांना म्हणाल्या, "ही अशी गुप्तता हवी. त्या मुलीला जरा शिकवा."

*

मग अंधेरीहून दोन तरुण आले. टी-शर्ट, दाढी, एकच लॅपटॉप. ते थेट स्वयंपाकघरात जाऊन प्राजक्तासमोर बसले. मला वाटलं, झालं काम!

"मॅम, फी आम्ही पैशात नाही देणार. कंपनीतला हिस्सा देऊ."

"कंपनी करते काय?" प्राजक्ताने विचारलं.

"सध्या आम्ही पिव्होट करतोय."

"म्हणजे आधी दुसरं काहीतरी करत होतात?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाही, आधी ठरवत होतो."

केबिनमधून सरांचा आवाज आला, "हिस्सा किती टक्के म्हणतायत?"

ते दोघे गेल्यावर मी सरांना आठवण करून दिली, की क्लायंट आपणहून मॅडमसमोर बसला.

"नवे आहेत रे, सुहास. जुना हवा."

"सर, ते जुने होईपर्यंत कंपनी राहायला हवी ना," प्राजक्ता म्हणाली.

*

याच सुमारास सर ठाण्याच्या एका हॉटेलात प्रॅक्टिस कशी वाढवावी यावरचं शिबिर करून आले. लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र आणि एक कल्पना घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी सगळ्या क्लायंटचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला.

"क्लायंट एकमेकांशी जोडले गेले पाहिजेत," सर म्हणाले. "सगळं एका कुटुंबासारखं!"

दोन दिवस कुटुंबात नुसतीच फुलं आणि सुविचार आले. तिसऱ्या दिवशी भांड्यांचे व्यापारी छेडाशेठ यांनी आपल्या हिशेबाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "सर, वर्षाचा टर्नओव्हर बरोबर आहे ना?"

सरांच्या आधी उत्तर दिलं म्हात्र्यांनी. हे म्हात्रे छेडाशेठना खोके पुरवतात आणि तेही आमचेच क्लायंट. "शेठ, एवढा धंदा? मला तर होळीपासून सांगताय मार्केट डाऊन आहे!"

त्याखाली टेम्पोवाल्या क्लायंटने लिहिलं, "मला पण."

त्याखाली छेडाशेठच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी, "मला पण." त्यांचा धंद्याशी संबंध नव्हता, पण छेडाशेठनी मेंटेनन्स थकवला होता.

वाट लागली! छेडाशेठनी फोटो काढून टाकला, पण तोवर तो कुटुंबातल्या सगळ्यांनी सेव्ह केला होता. सर खूश. "बघ, जोडले गेले की नाही?"

प्राजक्ताने त्यांच्या हातातून फोन घेतला, एकेकाला काढलं आणि ग्रुप बंद केला. संध्याकाळी छेडाशेठ स्वतः ऑफिसात आले. स्वयंपाकघराच्या दारावरून पुढे गेले आणि केबिनमध्ये सरांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "सर, टायमावर ग्रुप बंद केलात. तुम्ही होतात म्हणून वाचलो!"

सर म्हणाले, "अहो, ते माझं कामच आहे."

*

ऑगस्टमध्ये प्राजक्ताची दाढ दुखायला लागली. डॉक्टर भिडे हे आमचे फार जुने क्लायंट, म्हणून ती त्यांच्याकडेच गेली. त्यांनी तिला खुर्चीत आडवं केलं, तोंड उघडायला सांगितलं, मशीन सुरू केलं आणि विचारलं, "मॅडम, मुलीच्या नावावर फ्लॅट घेतला तर टॅक्स कोणाला लागेल?"

"आं," प्राजक्ता म्हणाली.

"मलाही तेच वाटलं. आणि भाड्याने दिला तर?"

"आं आं."

"म्हणजे मुलीलाच? उत्तम!" डॉक्टरांनी दाढ भरली आणि वर शाबासकी दिली. "किती सोपं करून सांगता हो तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी गाल धरून ती सरांसमोर उभी राहिली. "सर, जुना क्लायंट. मला सल्ला विचारला. आपणहून. सरांना विचारतो असंही म्हणाला नाही."

सरांनी नीट विचार केला. "पण खुर्चीत कोण बसलं होतं? तू. त्याने तुझ्यासमोर येऊन बसायला हवं. आणि हो, फी तू दिलीस ना? मग क्लायंट कोण झालं?"

*

सप्टेंबरात सर भाच्याच्या काढीव मुहूर्तावरच्या लग्नाला चिपळूणला गेले. जाताना म्हणाले, "घे, आठवडाभर रान मोकळं!"

दुसऱ्याच दिवशी ठक्करशेठ आले, हातात जीएसटीची नोटीस. सर नाहीत म्हटल्यावर प्राजक्ता उठून उभी राहिली. "या ना शेठ, मी बघते."

"नको, नको, तुम्ही कशाला तकलीफ घेता?" म्हणत ठक्करशेठ रिकाम्या केबिनमध्ये गेले. पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. सरांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सरांच्या खुर्चीवर, उशीला टेकवून, उभा केला. मग त्यांनी त्या खुर्चीला नमस्कार केला.

सर मांडवात होते. मागे सनई. नोटीस वाचून दाखवल्यावर सर म्हणाले, "एक मिनिट हां, शेठ." दुसऱ्याच्या फोनवरून त्यांनी प्राजक्ताला गाठलं. आता प्राजक्ता स्वयंपाकघरातून उत्तर चिपळूणला सांगत होती आणि चिपळूणहून ते भिंतीपलीकडे केबिनमध्ये येत होतं.

पाच मिनिटांनी ठक्करशेठनी केबिनचं दार उघडून डोकं बाहेर काढलं. वैतागून म्हणाले, "मॅडम, जरा हळू बोला ना! सर काय सांगतात ते ऐकायला नाय येत!"

प्राजक्ताने त्याच दिवशी अंधेरीला कळवलं, की दिवाळीनंतर रुजू होईन. मला म्हणाली, "सुहासकाका, आता पुरे. तिकडे निदान माझं उत्तर माझ्याच तोंडून ऐकतील."

*

आता परबांचं. मसाल्याची गिरण भांडुपला आणि मालवणी जेवणाचं हॉटेल मुलुंडला. आमचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात मोठे क्लायंट. थोरले आप्पा आणि धाकटा बाळा. या वर्षी दोघांचं फाटलं. आप्पांनी गिरण घेतली, बाळाने हॉटेल, आणि बोलणं बंद.

सर दोघांचेही दोस्त. दोघे एकाच वेळी केबिनमध्ये यायला लागले तर काय, म्हणून सरांनीच वाटणी केली. "आप्पांचं मी बघतो. बाळाला तुझ्याकडे पाठवतो." आणि लगेच पुढे, "मी पाठवलाय हां. मोजायचा नाही."

दिवाळीला आठवडा राहिला होता. प्राजक्ता ओट्यावरच्या आपल्या वस्तू खोक्यात भरत होती. तेवढ्यात आप्पा परब आले. खांद्याला कापडी पिशवी, त्यात गिरणीचे कागद. सरांनी केबिनमधूनच पाहिलं. "या आप्पा, या! सुहास, दोन कटिंग सांग!"

आप्पांनी नुसता हात वर केला आणि ते स्वयंपाकघरात शिरले. टेबलासमोरच्या स्टुलावर बसले. पिशवी मांडीवर.

"बाळाचा काम तुमच्याकडे आसा मा?"

"हो आप्पा."

"काय म्हणता हॉटेल? चलता मा बरा?"

प्राजक्ताने खोक्यातला हात बाहेर काढला. "ते मी नाही सांगणार, आप्पा."

"अगो, मी तेचो मोठो भाव!"

"असाल की. मग भावाच्या हॉटेलात जेवायला जा, आपोआप कळेल."

आप्पांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मला वाटलं, गेला क्लायंट! पण त्यांनी आवाज खाली आणला. "आकडो सांगू नको. फकत एवढाच सांग, तो कर्जात नाय मा? माका रातची झोप नाय."

हे विचारताना ते तिच्याकडे बघत नव्हते, सिंककडे बघत होते. मला वाटलं, सांगून टाक बाई, म्हातारा माणूस आहे.

"तेही नाही सांगणार," ती म्हणाली. "उद्या त्यांनी तुमचं विचारलं, तरी नाही सांगणार."

आप्पांनी मान हलवली. एकदा केबिनच्या दिशेने पाहिलं. "मागच्या खेपेक सरांकाय ह्याच इचारलंय. तेंनी चाय येवच्या आधी सगळा सांगल्यानी. माझा पण बाळाक असाच सांगतले."

मग उठून त्यांनी ती पिशवी मांडीवरून काढली आणि ओट्यावर, बाळाच्या फायलीशेजारी ठेवली.

"माझा पण आता हयसरच ऱ्हवांदे."

बाहेर चहा आला. सरांनी दोन्ही ग्लास एकट्यानेच संपवले. मग मला आत बोलावून पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "सुहास, दारावरची पाटी रंगवणारा कोण आहे रे आपला?"