घरचा काटा

राजेश्वरी विश्रामबागेत आमच्या समोरच्या घरात राहते. वय अडतीस, दोन मुलं, पतसंस्थेत नोकरी आणि गल्लीच्या अंदाजानं शंभराला टेकलेलं वजन. दुसऱ्याच्या वजनाचा अंदाज बांधायला आमच्या गल्लीला फार आवडतं. तिच्या स्कूटरचं मागचं चाक पंक्चर झालं की पंक्चरवाला जे बोलायचा ते मी इथं लिहीत नाही. त्यावर हसणाऱ्यांत बायका जास्त असायच्या, एवढं मात्र लिहिते.

तिचा नवरा जोतीराम साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क आहे. उसानं भरलेली ट्रॉली जिथं तोलतात तो काटा. आमच्याकडं काटेवाला दिसला की शेतकरी आधी मनात शिवी देतो आणि मग तोंडानं नमस्कार करतो. शेतातून निघालेला ऊस काट्यावर पोचेपर्यंत टनभर हलका होतो, अशी ज्याची त्याची तक्रार. त्याला काटा मारणं म्हणतात. जोतीरामनं कधी मारला की नाही, देव जाणे. माणूस मऊ, बोलायला गोड, आणि भांडणाची चाहूल लागली की चप्पल शोधायला लागणारा.

पोरगी शिवांजली सहावीत. अंगानं काडी आणि जिभेनं कात्री. तिच्या वर्गात निम्मी पोरं ऊसवाल्यांची, त्यांनी राजेश्वरीचं नाव 'डबल ट्रॉली' ठेवलं. स्कूटर शाळेच्या गेटपाशी आली की दोघं-तिघं बाजूला उभे राहून हात हलवायचे, "येऊ द्या, येऊ द्या, डाव्या अंगाला घ्या." शिवांजलीनं ते काही महिने सोसलं. मग एका सकाळी तिनं आईला शाळेअलीकडच्या मेडिकलच्या दुकानापाशी स्कूटर थांबवायला लावली.

"रोज इथंच सोड. गेटपर्यंत येऊ नको."

"का गं?"

"ऐंशीच्या आत आलीस की ये."

हे मला सांगताना राजेश्वरी हसत होती. मी तिच्या जागी असते तर पोरीला तिथंच एक ठेवून दिली असती. ती म्हणाली, "तिचं काय चुकलं हो काकू? तिला सोसावं लागतंय." मग तिनं शिवांजलीचा पासपोर्टचा फोटो फ्रिजवर चिकटवला आणि खाली कागदावर स्केचपेननं लिहिलं, 'गेटपर्यंत'. फ्रिज उघडायला गेलं की पोरगी समोर.

वजन कमी करा म्हणून सांगणाऱ्यांना राजेश्वरीचा दिवस एकदा जगायला लावायला पाहिजे. अंधारात उठायचं, तिघांचे तीन तऱ्हेचे डबे करायचे, धाकट्या पृथ्वीराजला उठवायचं, धुवायचं, भरवायचं. तो चार वर्षांचा, चार घास खाऊन पळणारा. उरलेलं कुणी खायचं? अर्धी चपाती, शिऱ्याचा घास, दुधातलं मऊ झालेलं बिस्कीट, सगळं उभ्याउभ्या आईच्या पोटात. "टाकवत न्हाई हो," म्हणायची. दिवसभर खुर्ची. पतसंस्थेत कुणाचं लग्न ठरलं की पेढे, कुणाचं पोरगं पास झालं की पेढे, आणि नको म्हटलं की, "एकानं काय होतंय, मॅडम? समुद्रात थेंब." घरी आल्यावर पुन्हा ओटा, अभ्यास, कपडे. तिला चालायला वेळ मिळायचा तो सगळं घर झोपलेलं असताना, पहाटे. आमच्या कॉलनीच्या मैदानावर ती फिरायची. बारीक बायका तिला मागं टाकून जायच्या आणि मुद्दाम वळून विचारायच्या, "दमलीस?"

जोतीरामनं तिला वजनकाटा आणून दिला. गोल तबकडीचा, स्प्रिंगचा. दर रविवारी अंघोळीआधी मधल्या बोळात तो काटा मांडला जायचा. राजेश्वरी डोळे मिटून वर चढायची, पोरं दोन बाजूंना, आणि जोतीराम वाकून कारखान्यातल्या आवाजात पुकारायचा, "भरली. शहाण्णव." पृथ्वीराजला तो खेळ वाटायचा, तो टाळ्या वाजवायचा.

पहिल्या महिन्यात दोन किलो उतरले. तिनं मला साखरेशिवायचा चहा पाजला, त्याचीच मेजवानी. दुसऱ्या महिन्यात पोरगा आजारी पडला, ऑफिसात ऑडिट आलं, चालणं बंद झालं आणि काटा किलोभर वर चढला. त्या रविवारी ती काट्यावरून उतरली ती न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली आणि ओरडू नये म्हणून पदर तोंडात कोंबून रडली. शिवांजली दारातून म्हणाली, "मला माहीतच होतं." आणि टीव्ही लावायला निघून गेली.

पुढच्या रविवारी काटा दीड किलोनं खाली आला. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी थोडा. तिथून तो खाली येतच राहिला. राजेश्वरीला हुरूप आला. ती गाणी म्हणत चपात्या लाटू लागली, घरात भांडणं थांबली, सासरच्या गावाला जाताना ती जीपमध्ये पुढच्या सीटवर बसू लागली. एकदा शिवांजलीनंच विचारलं होतं, "पप्पा, कुणी उभं नसताना काटा शून्यावर का नसतो?" जोतीराम म्हणाला, "रिकाम्या काट्याकडं बघायचं नसतंय. भरलेला बघायचा." बाप काट्यावरचा माणूस. त्याला काट्यातलं कोण शिकवणार?

खरं सांगायचं तर तिच्या अंगात फार फरक दिसत नव्हता. ब्लाउज एक शिवण आत गेलं होतं, एवढंच. पण आकडा कानावर पडला की डोळेही तसंच बघायला लागतात. मीही म्हणाले होते, "चेहरा किती उतरलाय गं." गल्लीनं तर तिला विचारायला सुरुवात केली, सकाळी काय पितेस, रात्री काय टाळतेस. हसणाऱ्या बायकाच तिच्याकडून पथ्याचा डबा शिकायला आल्या. तिनं मनात काही न ठेवता शिकवला.

आठ महिन्यांनी एका रविवारी जोतीरामनं पुकारलं, "भरली. एकोणऐंशी."

दुसऱ्या दिवशी मेडिकलपाशी स्कूटर हळू झाली तेव्हा मागून शिवांजली म्हणाली, "चल की पुढं." राजेश्वरी गेटपर्यंत गेली. पोरांनी हात हलवलेच, पण शिवांजली स्कूटरवरून उतरून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सतरा किलो कमी केलंय माझ्या आईनं. तुमच्या आईनं केलं व्हय?" मग तिनं सगळ्यांदेखत आईचा हात धरला. त्या दिवशी राजेश्वरी ऑफिसात उशिरा पोचली, कारण ती वाटेत स्कूटर बाजूला लावून रडली. हे तिनंच मला सांगितलं, आणि मलाही भरून आलं. इथंच सगळं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण पोरीला आता आईचा अभिमान वाटू लागला होता, आणि अभिमानाला चार लोक लागतात. शाळेत पालकांचा आरोग्य मेळावा होता. त्यात 'आमची फिट आई' नावाचा कार्यक्रम. शिवांजलीनं आईला न विचारता नाव दिलं आणि बाईंना आकडाही सांगून ठेवला. राजेश्वरीनं नवी आकाशी साडी घेतली. जोतीरामला हे कळलं तेव्हा तो म्हणे दोन दिवस जेवला नाही. "गर्दीत कशाला जातीस? घरातलं घरात ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाला. राजेश्वरीला वाटलं, बायकोचं कौतुक याला बघवत नाही. ती त्याला टाकून बोलली. तेव्हाही तो खरं बोलला नाही. चप्पल घालून बाहेर गेला.

मेळाव्याला मी गेले होते. हॉल भरलेला, पुढं पालक, मागं पोरं. स्टेजवर राजेश्वरीला माईक दिला. ती आधी घाबरली, मग छान बोलली. म्हणाली, "आपल्याला वेळ नसतोच. वेळ कुणी देत नाही, पोरांच्या ताटातलं उरलेलं मात्र सगळे देतात." बायका हसल्या, टाळ्या पडल्या. "मन खचतं. पण आठवड्यातून एकदा काट्यावर उभं राहायचं. काटा आपल्याशी खोटं बोलत नाही." त्या वाक्याला सगळ्यांत मोठी टाळी पडली. जोतीराम तिसऱ्या ओळीत मांडीवर झोपलेलं पोरगं घेऊन खाली मान घालून बसला होता.

सूत्रसंचालन करणारे सर म्हणाले, आता केवळ उपचार म्हणून मॅडमनी वजन करावं. मेळाव्याला आलेल्या डॉक्टरांचा आकडे दाखवणारा काटा स्टेजवर मांडला होता. प्रमाणपत्र हातात द्यायला शिवांजली शेजारी उभी. राजेश्वरी चपला काढून हसत वर चढली. सरांनी वाकून आकडा बघितला आणि सवयीनं माईकमध्येच वाचला, "एक्याण्णव."

सरांनी काटा बंद करून पुन्हा लावला. राजेश्वरी उतरली, पुन्हा चढली. एक्याण्णव. मागून एका पोराचा आवाज आला, "काटा मारलाय." आधी पोरं हसली. मग पालक हसले. पालकांतले निम्मे ऊस घालणारे, वर्षानुवर्षांचं हसू आत दाबून बसलेले. पहिल्या ओळीतला हरिबा नावाचा शेतकरी, पांढऱ्या टोपीचा, मागं वळून म्हणाला, "काय रं जोतीराम, घरचा काटाबी कारखान्याचाच हाय व्हय?" तेव्हा तर माणसं हसून हसून डोळे पुसायला लागली.

सगळ्यांत आधी कळलं ते शिवांजलीला. तिनं बापाकडं बघितलं. बाप खाली बघत होता. मग तिनं आईकडं बघितलं, हातातलं प्रमाणपत्र स्टेजवरच्या टेबलावर उलटं ठेवलं आणि बाजूच्या पायऱ्यांनी उतरून गेली. राजेश्वरीला चपला सापडेनात. एक कुणीतरी स्टेजखाली सरकवली होती, ती काढायला तिला साऱ्या हॉलसमोर गुडघ्यावर बसावं लागलं. मी उठून वर गेले, पण मी पोचेपर्यंत तिनं ती काढली होती.

घरी आल्यावर तिनं काटा बोळात मांडला आणि रिकाम्या काट्याकडं पहिल्यांदा बघितलं. सुई शून्याच्या बरीच मागं होती. मी दारातच होते. जोतीरामनं न विचारता काटा उलटा करून सुई मागं-पुढं करायचं खालचं छोटं चाक दाखवलं.

"त्या रविवारी तू रडत बसलीस. सोडते म्हणालीस. मला बघवंना. म्हणलं, दीड किलोनं काय बिघडतंय, तुला हुरूप येईल. पुढच्या रविवारी परत फिरवाय लागलं, न्हाईतर एकदम वर दिसलं असतं. एकदा फिरवलं की फिरवतच ऱ्हावं लागतंय."

"आज सकाळी का सांगितलं न्हाईसा?"

"कसं सांगू? तू एवढी खुशीत व्हतीस."

राजेश्वरीनं ते चाक बोटानं फिरवून बघितलं. मग तिनं विचारलं, "शहाण्णवची एक्याण्णव झाले म्हंजी. पाच खरं हायत?"

"व्हय. पाच खरं हायत." तो घाईघाईनं म्हणाला, जणू काही बक्षीसच देत होता. "आईशपथ, पाच तुझं खरं हायत."

"ते पाच माझं व्हतं," ती म्हणाली. "अंधारात उठून, पेढं नको म्हणून, लोकांचं ऐकून घेऊन कमावल्यालं. कुणी हसलं असतं तरी ते माझंच ऱ्हायलं असतं. आता पाच म्हणलं तरी लोकं हसणार. तेबी खाल्लं तुमी."

मला त्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला निदान गल्ली नावं ठेवते. याला गल्ली अजून म्हणते, बिचाऱ्यानं बायकोसाठीच केलं.

आत शिवांजलीनं फ्रिजवरचा आपला फोटो काढून घेतला होता. खालचा 'गेटपर्यंत' लिहिलेला कागद तसाच होता.

दोन दिवस ती आजारी आहे म्हणून शाळेत गेली नाही. तिसऱ्या दिवशी मी फाटकात उभी होते. राजेश्वरीनं स्कूटर काढली, पोरीचं दप्तर पुढं ठेवलं. शिवांजलीनं ते ओढून आपल्या पाठीला लावलं.

"आई, मेडिकलपाशी नको. मागच्या चौकातच सोड."

"अगं, तिथनं शाळा लय लांब पडंल तुला."

"पडू दे," शिवांजली म्हणाली. "मला चालता येतं."

राजेश्वरीनं किक मारली आणि तिला मागच्या चौकात सोडून आली.