विभूतीखालचे तळवे

वैशाखातल्या दुपारी सोलापुरात वाऱ्यालाही सावली शोधावी लागते. सात रस्त्यापासून जवळच असलेल्या त्या सरकारी इमारतीच्या व्हरांड्यात मी बाकावर बसलो होतो. कूलरच्या ओल्या वाळ्याचा, जुन्या कागदांचा आणि बाहेर तापलेल्या डांबराचा वास एकमेकांत मिसळून येत होता, आणि मला भीती वाटत होती. उगाच शब्द कशाला सजवू, भीतीच होती. समोर कडुनिंबाखाली एक जीप उभी होती आणि तिच्यात बसलेला साध्या वेशातला माणूस सकाळपासून वर्तमानपत्राचे एकच पान वाचत होता.

मल्लिनाथ माझ्या भावकीतला, वळसंगचा, अजून तिशीही न गाठलेला. कसल्याशा चोरीच्या संशयावरून त्याला शहरातल्या एका ठाण्यात नेले आणि तिसऱ्या दिवशी त्याचा देहच घरी आला. हृदय बंद पडले, असे सांगण्यात आले. त्याच्या आईने, गंगव्वाने, अर्जांवर अर्ज केले, उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे चौकशी नेमली गेली आणि ज्याला काही ठाऊक असेल त्याने समक्ष येऊन सांगावे, अशी जाहीर नोटीस निघाली. मला ठाऊक होते.

आम्हा लिंगायतांत मृताला अग्नी देत नाहीत. पद्मासनात बसवून, तळहातावर इष्टलिंग ठेवून समाधी देतात. देह असा बसवण्याची विद्या मला काकांकडून मिळाली. उभा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तके लावण्यात गेला, पण भावकीत कुणी गेले की हाक मलाच येते. कोमट पाण्याने, झोपलेल्या लेकराला हलवावे तितक्या हळुवारपणे ताठरलेले सांधे सैल करायचे, वेळ लागला तरी बळ लावायचे नाही, आणि सारा वेळ मंत्र पुटपुटत राहायचे. त्या कामात एक विचित्र शांती असते, आणि खोटे का बोलू, आपल्या हातांचा थोडा अभिमानही असतो.

पद्मासन घातले की पायांचे तळवे वर येतात. मल्लिनाथचे तळवे वर आले आणि मंत्र माझ्या ओठांवरच थिजला. टाचेपासून बोटांपर्यंत ते पिकल्या जांभळाच्या रंगाचे होते. सोबतीला असलेल्या माझ्या चुलतभावाने, शिवाप्पाने, तोंड भिंतीकडे फिरवले. बाहेर बायकांचा आक्रोश चालला होता, देहासोबत आलेले दोन पोलीस शिपाई दारातून लवकर आटपा म्हणून घाई करत होते, आणि शेवटच्या दर्शनाला गंगव्वा कुठल्याही क्षणी आत येणार होती. मी ताटातली विभूती ओंजळीने घेतली आणि त्या तळव्यांवर थरावर थर देत गेलो, ते शुभ्र होईपर्यंत. आईच्या दृष्टीला हे पडू नये, एवढेच मनात होते. मग रीतीप्रमाणे हार घातले गेले आणि बसवलेल्या देहाचा फोटो काढला गेला.

तोच फोटो गंगव्वाने अर्जाला जोडला होता. साहेबलोकांनी आपल्या पोराचे तोंड तरी बघावे, अशी तिची भाबडी आशा. पण पोलिसांच्या वकिलाने त्यातले तळवे दाखवून विचारले की मारहाण झाली म्हणता, मग एक तरी ओरखडा दाखवा. शिवाप्पाने आदल्याच आठवड्यात, आपल्याला काही आठवत नाही, अशी साक्ष दिली होती. मी त्याला भित्रा म्हणणार नाही. तो जीपमधला माणूस माझ्याही दारी येऊन गेला होता, तांब्याभर पाणी प्यायला, अंगणातल्या नातीच्या सायकलीकडे बघत राहिला आणि जाताना म्हणाला, "अप्पा, नात किती वाजता सुटती शाळेतनं? ऊन लई वाढलंय, जपा की तिला."

मी आता गप्प राहिलो, तर मल्लिनाथ कायमचा हृदयविकाराने मेलेला राहणार होता. पुकारा झाला तेव्हा मी आत गेलो आणि सगळे सांगितले.

चौकशी अधिकारी बाई मध्यम वयाच्या, आवाजात कोरडेपणा. टंकलेखकाची बोटे थांबली. "तुम्ही पुरावा झाकलात, हे कळतंय ना तुम्हाला?" त्यांनी विचारले. "कोणी सांगितलं होतं?" कुणाचे तरी नाव घेता आले असते तर किती हलके वाटले असते. "कोणीच नाही, मॅडम," मी म्हणालो. समाधी उघडून देह पुन्हा तपासावा लागेल, आईचे म्हणणे नोंदवून घेऊ, असे त्या म्हणाल्या. समाधीत बसवलेल्याला उठवू नये, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. माझी मान आपोआप मागे वळली, आणि शेवटच्या खुर्चीवर पदर तोंडाशी धरून बसलेली गंगव्वा मला दिसली. लेकाच्या तळव्यांवरच्या त्या रंगाविषयी ती आज पहिल्यांदाच ऐकत होती.

ती उठून आली, पण बाईंपाशी नाही, माझ्यापाशी आली.

"त्या पायांवर डोकं टेकलं व्हतं मी," ती म्हणाली. "विभूती कपाळाला लागली, तर चार दिवस पुसली न्हाय. आन् खाली ह्ये व्हतं व्हय, अप्पा?"

ती बाईंकडे वळून म्हणाली, "उकरा. पाप लागलं तर मला लागंल." कागदावर तिने कानडीत सही केली, एकेक अक्षर सावकाश काढले. मग पुन्हा माझ्याकडे बघत, कुणाला ऐकू जावे न जावे अशा स्वरात तिने विचारले, "त्येला किती दुखलं आसंल, ते मला का बघू दिलं न्हाय?"

मारणाऱ्यांना प्रश्न विचारायला सरकारने या बाईंना नेमले आहे, आणि ते काय उत्तर देतील ते देतील. गंगव्वाचा प्रश्न मात्र माझ्यासाठी होता. तिला वाचवायचे होते, एवढेच मी म्हणू शकलो असतो; पण खोलीतून बाहेर पडताना माझ्या ध्यानात आले की दारात उभे राहून घाई करणाऱ्या त्या दोन शिपायांनाही माझ्याकडून नेमके तेवढेच हवे होते: गंगव्वाच्या दृष्टीला ते तळवे पडू नयेत.